बिन कार्ड

हिंगण्याच्या कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी
स्टोअरमधून मी दोनच वस्तू आणल्या:
माझी स्टीलची पट्टी,
आणि कोऱ्या बिन कार्डांचा एक गठ्ठा.
रीतसर गेटपास बनवून. सही माझीच.

पहिले अकरा दिवस नुसते अर्ज फेकले,
रात्री, कूलरच्या घरघरीत,
जिथं निळं बटण दिसलं तिथं बोट:
पुण्यात डिलिव्हरी मॅनेजर, सुरतेत सुपरवायझर,
एकदा अर्धवट झोपेत, दंतवैद्याचा सहायक.
बाराव्या दिवशी कोण्या बाईचा फोन आला,
"तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होता"
आणि मला आठवेचना, कशाचा.
एकोणीस वर्षं ज्याच्या खणातून वॉशर हरवला नाही
त्याला स्वतःचाच अर्ज सापडेना.

मग गठ्ठ्याची सुतळी सोडली.
एका कंपनीला एक कार्ड.
वर नाव, पत्ता, आणि माणूस.
माणसाचं नाव कळल्याशिवाय कार्ड उघडायचं नाही.
खाली रकाने: काय गेलं, काय आलं, पुढं कधी.

"बिन म्हणजे?" चैतालीनं विचारलं.
म्हटलं, खण.
"मला वाटलं, बिनकामाचं कार्ड."
हसलो. नंतर पाणी प्यायला उठलो.

मंगळवार-गुरुवार बुटीबोरी,
बुधवारी वाडीची गोदामं,
सकाळी नऊच्या आधी कोणालाच फोन नाही,
अकरानंतर उन्हात पाय नाही:
मे महिन्यात नागपुरात अकरानंतर
नोकरी असलेल्यांनीच बाहेर असावं.

बायोडेटा तीन.
एकात मी भांडारपाल,
एकात इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह,
एकात वेअरहाऊस इन-चार्ज.
तिघांचा शर्ट एकच,
इस्त्री करून दाराच्या खिळ्याला.

"काऊन जी," प्रणिता म्हणाली,
"एवढं लिहून राहिले, तर नोकरीच लिहून टाका ना."
मी तिच्यापुढं शेवटचं कार्ड सरकवलं.
घरखर्च. किमान साठा: ऑगस्टपर्यंत.
तिनं दोनदा वाचलं,
पेन मागितलं,
भिशीचे चार हजार आवकेत लिहिले,
आणि सप्टेंबर केला.

कार्डं तेवीस झाली तेव्हा पसरून पाहिली,
वार्षिक मोजणीला पसरायचो तशी.
निळ्या बटणाची नऊ. आलं काय? शून्य.
माणसाच्या नावाची चौदा. सहा बोलली.
दोघांनी चहा पाजला. एकानं,
मी विचारलं म्हणून, खरं सांगितलं:
"निमजेसाहेब, सॅप येत नाही ना तुम्हाला."
त्या कार्डावर पहिल्यांदा लाल पेन लावलं
आणि सीताबर्डीच्या क्लासची फी लिहिली.
लाल मला आवडत नाही. पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

बुधवारी वाडीत, वजनकाट्यामागच्या केबिनमध्ये
जागा होती. माझ्या मापाची नाही:
फोर्कलिफ्टवाला पाहिजे, लगेच.
उठता उठता नाव लिहून घेतलं,
बाहेर ट्रकच्या सावलीत उभं राहून
सोनकुसरेला फोन लावला.
कुलूप लागल्यापासून तो घराबाहेर निघाला नव्हता,
बायको सांगायची, दिवसभर गच्चीच्या जिन्यात बसतात.
"लायसन्स चालू आहे का?"
"आहे."
"दाढी कर. उद्या नऊला."
पलीकडे बराच वेळ नळाचा आवाज.

घरी येऊन कार्डावर लिहिलं:
जावक, सोनकुसरे, एक नग.
मग "नग" खोडलं.
खाडाखोड चालत नाही आमच्यात,
बाजूला छोटी सही मारली.

सोनकुसरे लागला. मी नाही, अजून.
त्याचा काल फोन आला, सुपरवायझरचं नाव दिलं,
त्या सुपरवायझरचा एक साडू मिहानमध्ये आहे म्हणे.
म्हणे-वर कार्ड उघडत नाही मी.
तरी एक कोरं काढलं,
पट्टी ठेवली, रेघा मारल्या.
माणूस: अजून नाही.
पुढं कधी: सोमवार, सव्वानऊ.